खिडकीखालची उसवण

संध्याकाळचे सहा चाळीस झाले होते आणि टाचणीकाकू तिसरी कोंबडी उचलत होत्या. त्यांची पद्धत ठरून गेली होती. आधी डावा हात भिंतीला, मग चांगला गुडघा वाकवायचा, मग दुखऱ्याची समजूत काढायची. उजवा तळवा कोंबडीच्या पोटाखाली सरकवायचा, ‘चला’ असं स्वतःलाच म्हणायचं आणि उभं राहायचं. कोंबडी यात मदत करत नसे आणि विरोधही करत नसे. कापडाचा तागा उचलावा तशी ती उचलली जाई, अंगणाच्या टोकाला नेली जाई आणि खुराड्यातल्या दांड्यावर ठेवली जाई. तिच्या अंगात निळ्या चौकड्यांचं फ्लॅनेलचं जाकीट होतं. पाठीवर दोन बटणं, पंखांखाली इलॅस्टिक. बाकीच्या पाच जणींनाही तसंच.

उरलेल्या तिघी खिडकीखाली उभ्या होत्या. शिवणाच्या खोलीतल्या दिव्याचा पिवळा चौकोन तिथं फरशीवर पडायचा आणि अंधारू लागलं की सगळ्या त्यात येऊन थांबायच्या, बसची वाट बघत असल्यासारख्या.

वरच्या गॅलरीत थोरल्या नणंदबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. खाली उतरायचं नाही आणि एकही गोष्ट नजरेतून सुटू द्यायची नाही, हा त्यांचा संध्याकाळचा कार्यक्रम.

“दोन नंबरच्या कोंबडीचं बटण लोंबतंय,” त्या म्हणाल्या.

“लावते, वन्सं.”

“आणि तो गुडघा असा वाकवू नकोस.”

“मग कसा वाकवू?”

“वाकवूच नकोस. लोक कोंबड्या पाळतात त्या अंड्यांसाठी. कडेवर घेऊन झोपवायला नव्हे.”

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं काकूंनी पुष्कळ पाहिली होती. गॅलरीतून कोंबड्या हाकणारी ही एकच. त्या चौथीकडे वळल्या.

टाचणीकाकू हे नाव शाळेतल्या मुलांनी ठेवलेलं. गावातल्या दोन शाळांचे गणवेश काकू शिवतात, आणि माप घेताना त्यांच्या ओठांत कायम पाच-सहा टाचण्या असतात. त्या टाचण्या न काढता ओठांच्या कोपऱ्यातून त्या ‘सरळ उभा राहा’ म्हणू शकतात, ‘पोट आत घेऊ नको, घरी जाऊन सोडशीलच’ असंही म्हणू शकतात. मुलांना त्याचं फार कौतुक. त्यांचे यजमान होते तोवर चौकात दुकान होतं; ते बेतायचे, काकू शिवायच्या. ते गेल्यावर काकूंनी दुकान गुंडाळून घरी आणलं. मशीन आलं, बेतायचं टेबल आलं, आणि प्लायवूडची ट्रायल रूमही आली. आत आरसा, खुंटी आणि कपडे टांगायचा जाड लाकडी दांडा. ती घरात मावेना, म्हणून मागच्या अंगणात पत्र्याखाली उभी राहिली. तिच्यात केरसुण्या आणि बादल्या राहायच्या. नणंदबाई वर्षानुवर्षं सांगत होत्या की तो डबा मोडून टाक.

नणंदबाई वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. रुग्णालयात वॉर्डच्या मुख्य परिचारिका म्हणून त्यांनी नोकरी केली. रस्त्यावर लोक अजून त्यांना सिस्टर म्हणून हाक मारतात आणि हाक मारताना पाठ ताठ करतात. घर दोन भावंडांत वाटलेलं: खालचं भावाचं, वरचं बहिणीचं, अंगण दोघांचं. भाऊ गेला, तेव्हापासून अंगण दोघींचं. काकूंच्या वाटणीला कपडे वाळत घालायची दोरी, नणंदबाईंच्या वाटणीला गुलाबाचा वाफा. मधे रेघ नाही, पण ती कुठे आहे ते दोघींना पक्कं माहीत आहे.

कोंबड्या आल्या त्या एप्रनांमुळे. गावाबाहेर अंड्यांची मोठी शेड आहे. तिथल्या कामगारांचे एप्रन आणि टोप्या काकूच शिवतात; शेडचा ड्रायव्हर येऊन गठ्ठा घेऊन जातो. एकदा त्याची गाडी बिघडली, म्हणून काकू स्वतःच गठ्ठा घेऊन गेल्या. नेमक्या त्या दिवशी शेड रिकामी करत होते. दीड वर्ष पिंजऱ्यात अंडी दिलेल्या कोंबड्यांचं देणं कमी झालं की त्या काढून नव्या भरतात. कामगार एकेका हातात चार-चार कोंबड्या पायांनी धरून बाहेर आणत होते, रिकामे हॅंगर आणावेत तशा. बऱ्याच जणींच्या मानेवर आणि पाठीवर पीस नव्हतं. कातडी दिसत होती, गुलाबी, खरखरीत.

काकूंनी आयुष्यात कधी कापडाचा गठ्ठा फेकून दिलेला सहन केला नव्हता. त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, दोन द्या. ड्रायव्हर म्हणाला, काकू, सहा न्या, म्हणजे दोन तरी जगतील. एप्रनांच्याच खोक्याला त्याने भोकं पाडली.

सहाही जगल्या. हा हिशेब कुणाचाच चुकायला नको होता, पण चुकला.

घरी खोकं उघडलं तेव्हा नणंदबाई जिन्यावरून खाली आल्या, वाकून आत बघितलं आणि म्हणाल्या, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” मग वर गेल्या आणि आयोडीनची बाटली घेऊन परत आल्या. ती त्यांनी काकूंच्या हातात दिली. कोंबडीला हात लावला नाही. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की यापुढे जिवंत असं काही उचलायचं नाही. आयुष्यभर माणसं उचलली, कुशीवर वळवली, खाटेवरून खाटेवर नेली, आता बस.

सुतार बोलावून ट्रायल रूम आडवी केली. आरसा काढला, दांडा खालच्या अंगाला बसवला, जाळीचं दार लावलं. काकूंनी नावं ठेवली ती हाताशी होती ती: कॉलर, काज, बटण, बाही, अस्तर आणि सर्वांत उघडीबोडकी होती ती उसवण. नणंदबाईंना ही नावं पटेनात. त्यांनी खाटांसारखे एक ते सहा नंबर दिले. त्यामुळे या घरात प्रत्येक कोंबडीला दोन नावं आहेत, आणि कोंबड्या दोन्हींकडे सारखंच दुर्लक्ष करतात.

पहिले काही दिवस त्यांना चालता येत नव्हतं. म्हणजे पाय होते, पण तारेच्या जाळीखेरीज पायाखाली दुसरं काही आलेलंच नव्हतं. मातीवर सोडलं तेव्हा सहाही जणी जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. मग कॉलरने एक पाय खूप वर उचलला, तसाच धरून ठेवला आणि जपून खाली टेकवला, ओल्या फरशीवरून जाणाऱ्या माणसासारखा. माती सरकली. तिने पुन्हा उचलला. सगळी दुपार त्यात गेली. काकूंनी त्या दुपारी एकही बाही लावली नाही.

थंडी होती. अंगावर पिसं नाहीत, तर जी बाई जन्मभर उघड्याला झाकत आली ती काय करणार? काकूंनी उरलेलं फ्लॅनेल काढलं, मापं घेतली आणि दोन दिवसांत सहा जाकिटं शिवली. मानेला गोट, पंखांना जागा, शेपटीकडे चुणी. शेजारणी येऊन फोटो काढून गेल्या. एकीने विचारलं, तिच्या कुत्र्याला असं शिवून मिळेल का. काकू ओठांत टाचण्या धरून हसल्या, आणि तसं हसणं सोपं नाही.

काम इतकं चांगलं झालं होतं की कोंबडीला त्यातून सुटता येत नव्हतं. काकूंना ते उशिरा कळलं. गॅलरीतून आधीच कळलं होतं. पण वॉर्डातला नियम असा, की नवीन नर्सला आधी तिची चूक पूर्ण करू द्यायची.

दुसऱ्या आठवड्यात नणंदबाई बोलल्या. “ती सहा नंबर बघ. सकाळपासून मान मागे वळवते आणि चोच कापडावर आपटते. पाठ साफ करायची असते त्यांना. शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, ते तेल चोचीने पिसांना लावतात. तू त्यावर शटर ओढलंयस. पंख उघडत नाही, म्हणून उडी मारता येत नाही. उडी येत नाही, म्हणून दांड्यावर चढत नाहीत. म्हणून तू रोज उचलतेस.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “फिटिंग उत्तम आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.”

त्या दिवशी काकूंनी ओठांतल्या टाचण्या जेवायच्या वेळेपर्यंत काढल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सहा पाठींवरची बारा बटणं काढली. उसवण उघडी झाली आणि तशीच उभी राहिली. मग तिने एका अंगाचा पंख आणि त्याच अंगाचा पाय दोन्ही खाली आणि मागे ताणले, पूर्ण, अगदी टोकापर्यंत. मग दुसऱ्या अंगाचे. तिच्या पाठीवर बारीक निळसर काटे उगवले होते, मेण लावलेल्या टाचण्यांसारखे. नवी पिसं अशीच येतात. आधी टाचणी, मग तिचं टोक फुटून पीस. काकूंनी बोट फिरवून बघितलं. जाकिटांच्या आत ती कधीपासून येत होती कुणास ठाऊक.

त्याच आठवड्यात बटणला ‘झटके’ आले. काकूंच्या किंचाळण्याने नणंदबाई पायांत चपला न घालता खाली आल्या. बटण गुलाबाच्या वाफ्यात आडवी पडली होती, पंख वेडेवाकडे मारत होती, पाय झाडत होती, डोळा अर्धा मिटलेला. माती अंगावर उडत होती आणि वाफ्यातलं एक रोप मुळासकट बाजूला पडलं होतं. नणंदबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. काकू म्हणत होत्या, वन्सं, काहीतरी करा. नणंदबाईंनी काही केलं नाही. थोड्या वेळाने बटण उठली, अंग फुलवून एकदा जोरात झटकलं, धुळीचा ढग उडाला आणि ती दाणे टिपायला निघून गेली.

“झटके आलेलं माणूस इतकं ताजंतवानं उठत नाही,” नणंदबाई म्हणाल्या. “आंघोळ होती ती. माझ्या वाफ्यात.”

रोप त्यांनी पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी वाफ्याभोवती विटा आल्या, आणि अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, काकूंच्या दोरीच्या बाजूला, कुणीतरी चाळलेली कोरडी माती आणि चुलीतली राख ओतून ठेवली होती. कुणी ते दोघींनीही विचारलं नाही. घरात राखेची बादली फक्त वरच्या मजल्यावर होती.

यानंतर गुडघ्याची तारीख आली. वाटी बदलायची हे कधीच ठरलं होतं. रुग्णालयातून फोन आला की गुरुवारी सकाळी दाखल व्हा. पुढचे दीड-दोन महिने काकूंनी लेकीकडे राहायचं. लेक दुसऱ्या शहरात नवव्या मजल्यावर राहते. फोनवर काकूंनी सहज म्हणून कोंबड्यांचा विषय काढला, तर लेक म्हणाली, आई, लिफ्टमध्ये कुत्र्यावरून भांडणं चाललीत, तू त्यात सहा कोंबड्या घाल.

राहिल्या नणंदबाई. काकूंनी त्यांना विचारायला दोन दिवस घेतले. उत्तर यायला तेवढा वेळ लागला नाही.

“सकाळी दार उघडीन. दाणे टाकीन, पाणी भरीन, अंडी गोळा करीन. संध्याकाळी दार लावीन. पण उचलणार नाही. एकीलाही नाही. बुधवारपर्यंत सहाच्या सहा आपल्या पायांनी आत गेल्या, तर राहतील. एकही बाहेर राहिली, तर रात्री मांजरं आहेत, मुंगसं आहेत; सकाळी मी काय बघायचं ते? त्यापेक्षा ड्रायव्हरला सांग, सगळ्या घेऊन जा.”

“एकीसाठी सहा जणी?”

“एक रोज बाहेर राहिली की मला रोज झोप नाही. वॉर्ड तसा चालत नाही.”

ड्रायव्हर त्या कुठे नेईल हे दोघींना माहीत होतं. शेड जुन्या कोंबड्या परत घेत नाही. काकूंनी तो दिवस पाहिला होता, पायांनी धरलेल्या चार-चारचा.

जाकिटं गेल्यापासून गोष्टी आपोआप पुढे सरकत होत्या. कॉलर सगळ्यांच्या डोक्यावर. दाणे टाकले की आधी ती टिपणार, दुसरीने मान पुढे केली की तिच्या टाळूवर चोच. एका संध्याकाळी कॉलर स्वतःच खुराड्यात गेली, मान तिरकी करून दांड्याकडे बघितलं, दोनदा अंदाज घेतला आणि उडी मारून मधली जागा पकडली. बाकीच्यांना बहुधा तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी काज आणि बटण गेल्या. मग बाही, तिला मिळालेल्या जागेवरून अर्धा तास भांडत. अस्तर दोनदा दांड्यावरून पडली आणि तिसऱ्यांदा बसली. नणंदबाई वरून हजेरी घेत. एक आली, दोन आली. पाचपर्यंत आकडा सुखाने जायचा.

सहावी खिडकीखाली असायची.

उसवणला पिसं आली होती, आता ती बाकीच्यांसारखीच तांबूस, भरलेली दिसत होती. दिवसभर चरायची, माती उकरायची, राखेत लोळायची. अंडं दिल्यावर सगळ्या आळीला कळेल असं ओरडायची. पण उन्हं उतरली की खिडकीखालच्या उजेडाच्या चौकोनात जाऊन बसायची, अंग फुगवून, तोंड खिडकीकडे. आत काकू मशीनवर असायच्या. शाळांच्या गणवेशाचे हिवाळी कोट रुग्णालयात जायच्या आधी संपवायचे होते, आणि दिवा असताना मशीन बंद ठेवायची सवय काकूंना कधीच नव्हती. शिवता शिवता मान वर केली की उसवणचा एक डोळा दिसायचा.

काकूंचं म्हणणं, तिला माया आहे. सगळ्यांत जास्त हाल तिचे झाले, सगळ्यांत जास्त शुश्रूषा तिची केली, म्हणून ती जवळ येऊन बसते. हे बोलताना त्यांचा आवाज थोडा खाली यायचा. यजमान गेल्यावर संध्याकाळच्या वेळी त्या मशीनसमोर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

नणंदबाईंनी यावर मत दिलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की माया असेल तर मायेने तिला आत घाल, बुधवार लांब नाही.

काकूंनी सगळं करून पाहिलं. कॉलर तिला हुसकावते असं वाटलं, म्हणून तिच्यासाठी खाली वेगळा दांडा लावला. खुराड्यात मक्याचे दाणे टाकले; उसवणने भर दुपारी जाऊन ते खाल्ले आणि संध्याकाळी खिडकीशी आली. एकदा काकू तिला खुराड्याच्या दारात ठेवून आल्या आणि मशीनवर येऊन बसल्या, तर ती त्यांच्या मागोमाग खिडकीशी हजर.

मंगळवारी ड्रायव्हर एप्रन न्यायला आला तेव्हा मावळत होतं. काकू शेवटच्या एप्रनाला नाडी घालत होत्या. तो अंगणात उभा राहून खुराड्यात डोकावला, पाच ढिगांकडे बघून हसला, म्हणाला, ओळखू येत नाहीत, या आमच्याच का. मग त्याला खिडकीखाली सहावी दिसली.

“ही अजून ड्युटीवर वाटतं?”

“तिला माझ्याजवळ बसायला आवडतं,” काकू आतून म्हणाल्या.

“काकू, राग मानू नका. ती दिव्याजवळ बसते. शेडमध्ये आम्ही पहाटे दिवे लावतो ते मावळल्यावरही कितीतरी वेळ चालू ठेवतो, दिवस लांब झाला की अंडी वाढतात म्हणून. दिवा आहे तोवर त्यांचा दिवस. बाकीच्या बाहेर बघायला शिकल्या. ही अजून तुमच्या बल्बकडेच बघते. तुम्ही मशीन बंद केल्याशिवाय तिची रात्र होणार कशी?”

त्याने गठ्ठा खांद्यावर घेतला आणि विचारलं, गुरुवारी गाडी आणायची का? काकू म्हणाल्या, उद्या सांगते.

तो गेल्यावर काकू उठल्या. मग त्यांनी काळ्या अस्तराचं कापड काढलं आणि खिडकीवर ठोकलं. दिवा मात्र चालूच ठेवला, कारण अजून अकरा कोटांची तुरपाई राहिली होती. थोड्या वेळाने बाहेर जाऊन बघितलं. खिडकीखाली उसवण नव्हती. काकूंचा जीव भांड्यात पडला. मग मागे वळून बघतात, तर दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी ओट्यावर पडली होती, टेपइतकी रुंद, आणि त्या पट्टीत उसवण बसली होती.

“सहा नंबर दारात,” वरून आवाज आला.

त्या संध्याकाळी काकूंनी तिला शेवटचं उचलून नेलं.

बुधवारी काकू पहाटेपासून मशीनवर होत्या. दुपारी जेवण उभ्यानेच झालं. तरी उन्हं उतरली तेव्हा तीन कोट राहिलेच. त्यांनी त्यातल्या एकाची कड हातात घेतली, दोऱ्याला गाठ मारली आणि मान वर केली. खिडकीवरचं काळं कापड सकाळी काढलं होतं. उसवण बाहेर आपल्या जागी येऊन बसली होती, अंग फुगवून, एक डोळा आत.

काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली, हात वर केला आणि दिवा बंद केला.

मशीन थांबल्यावर खोली केवढी शांत असते हे त्या विसरल्या होत्या. भिंतीला धरून त्या बाहेर आल्या आणि ओट्याच्या पायरीवर बसल्या. जिन्यावर चपलांचा आवाज आला. वरचाही दिवा बंद होता; नणंदबाईंनी तो आपण होऊन मालवला होता. त्या येऊन शेजारी बसल्या. या दोघी या पायरीवर शेवटच्या कधी बसल्या होत्या, तर भाऊ गेला तेव्हा; दोन्ही बाजूंनी नातेवाईक होते आणि मधे तो नव्हता. नणंदबाईंनी विचारलं, बॅग भरलीस का. काकू म्हणाल्या, भरली. गाऊन सैलच घे, नणंदबाई म्हणाल्या, फिटिंगचा नको, टाके ओले असतात. काकू म्हणाल्या, बरं.

उसवण खिडकीखाली उभी राहिली होती. खिडकीकडे बघत होती, आणि खिडकीत काही नव्हतं. तिने मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. दाराशी येऊन गेली. ओट्याच्या कडेने चालत काकूंच्या पायांपर्यंत आली. काकूंनी हात पुढे केला नाही. दोन्ही हात मांडीखाली घालून बसल्या. उसवण त्यांच्या चपलेचा अंगठा टिपून पुढे गेली.

आकाशात अजून थोडा उजेड होता, पत्र्याच्या वर, फिकट. ती अंगणाच्या मधोमध येऊन थांबली आणि तिने पहिल्यांदाच वर बघितलं. कोंबड्या बघतात तसं, एका डोळ्याने, मान आडवी करून. खुराड्यातून पाच जणींची झोपायच्या आधीची कुरकुर ऐकू येत होती. ती तिकडे निघाली. दारात पुन्हा थांबली. नणंदबाईंनी काकूंचा दंड धरला होता आणि तो आपण धरलाय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आत पंख फडफडले. कॉलरने कुणाला तरी चोच मारल्याचा आवाज आला. मग लाकडावर नखं घासली, एकदा, दोनदा. मग काही नाही.

नणंदबाई उठल्या, खुराड्यापाशी गेल्या आणि वाकून जाळीतून बघितलं. वॉर्डातली शेवटची फेरी मारावी तशा बोट न लावता, ओठ हलवत मोजत राहिल्या.

“सहा,” त्या म्हणाल्या आणि कडी लावली.

परत पायरीशी येऊन त्या उभ्या राहिल्या. काहीतरी त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

“अगं, एक सांग. उद्यापासून तू इथं नाहीस. खालचं मशीन बंद, खालचा दिवा बंद. मग ही खिडकीशी बसणार होती कशाला?”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं.

“पहिल्याच संध्याकाळी गुपचूप आत गेली असती,” नणंदबाई म्हणाल्या. “आणि आपण इथं परीक्षा घेत बसलो. कोंबडं झाकलं तरी उजाडतं, हे लोकांना माहीत असतं. दिवा मालवल्याशिवाय हिची रात्र होत नाही, हे तुला सांगायला ड्रायव्हर लागला.”

“तुम्हाला तरी कुठं सुचलं?”

“मी कोंबड्या बघत होते. तुझ्याकडे कोण बघतंय.”

काकू हसायला लागल्या, पायरीवर बसल्या बसल्या, गुडघा दाबून धरत. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे माया नव्हतीच.”

नणंदबाईंनी यावर जरा विचार केला. “आज दिवा नव्हता,” त्या म्हणाल्या. “तरी आधी तुझ्या पायाशी आली. आता ते काय होतं ते मला विचारू नकोस, मी माणसांची नर्स.”

मग त्यांनी कोपराखाली हात घालून काकूंना उठवलं. जिवंत काही उचलायचं नाही हा नियम त्या वेळेपुरता बाजूला ठेवला गेला. आत येऊन काकूंनी पुन्हा दिवा लावला आणि तीन कोट पुरे केले. एकदा अंधारात बसलेली कोंबडी दिवा लागला म्हणून खाली उतरत नाही. ड्रायव्हरला फोन नणंदबाईंनी केला. गुरुवारी गाडी आणू नको, असं सांगितलं. एप्रनांचं विचारलंस तर दोन महिने थांबावं लागेल, असंही.

उद्या सकाळी साडेसहाला जाळीची कडी नणंदबाई काढतील. रिक्षा त्यानंतर सातला आहे. संध्याकाळी खालच्या खोलीत दिवा लागणार नाही, मशीनवर झाकण आहे.